प्रतिज्ञा रोज म्हटली जाते, पण पाळायची कुणी?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला, 'शाळेतली मुले आजही रोज सकाळी प्रतिज्ञा म्हणतात का?' मी गिरणी कामगार. नववीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटात आणि पाळी सुटल्यावरच्या चर्चांमध्ये. तेव्हा माझ्याकडून प्राध्यापकी भाषणाची अपेक्षा धरू नका. सूत तुटले की कुठे तुटले ते शोधायचे आणि सांधायचे, एवढेच काम मी आयुष्यभर केले आहे. याही विषयात धागा कुठे तुटला आहे, तेवढे शोधून तुमच्यासमोर ठेवतो.

प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. होय, म्हणतात. आमच्या वस्तीतली पोरे महापालिकेच्या शाळेत जातात, काही अनुदानित शाळेत जातात, ज्यांना परवडते ती इंग्रजी माध्यमात जातात. सगळ्यांना विचारले. परिपाठ आहे, राष्ट्रगीत आहे, प्रतिज्ञा आहे. २०२० सालच्या २६ जानेवारीपासून राज्य शासनाने संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचनही शाळांतून सुरू करायला सांगितले. २०२३ साली त्यात राज्यगीताची भर पडली. एका शाळेत तर ध्वनिक्षेपकावर प्रतिज्ञा लावतात आणि मुले नुसते ओठ हलवतात असे एका पोराने सांगितले. म्हणजे म्हणण्याची सोय भरपूर झाली आहे. माझा प्रश्न म्हणण्याचा नाही, तो त्याच्या पुढचा आहे. रोज म्हटले जाते त्याचे होते काय?

आपल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे मी एकदा पोरांना विचारले, "प्रतिज्ञेत शब्द आहे सौजन्य. सौजन्य म्हणजे काय रे?" एक जण पटकन उठला नि म्हणाला, "काका, बॅनरवर खाली लिहिलेले असते ना, अमुक अमुक यांच्या सौजन्याने! जो पैसे देतो त्याचे नाव." सगळे हसले. मीही हसलो. दुसरा एक 'पाईक' शब्दाच्या जागी 'बाईक' म्हणत होता, त्याला त्यात काही चुकते आहे असे वाटतच नव्हते. यात पोरांचा दोष नाही. आपणच त्यांच्या हातात शब्द दिले आणि अर्थ आपल्याजवळ ठेवला. कदाचित आपल्याजवळही तो नसावा.

ही प्रतिज्ञा आली कुठून, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आमच्या वेळच्या पुस्तकात ती पहिल्याच पानांवर छापलेली असे, पण खाली लिहिणाऱ्याचे नाव नसे. आम्हाला वाटायचे सरकारने लिहिली. सरकार काही लिहीत नसते बाबांनो, लिहितो तो माणूस. त्या माणसाचे नाव पैडीमर्री वेंकट सुब्बाराव. तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातले. विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. म्हणजे दिवसभर सरकारी बिले नि हिशेब तपासणारा माणूस. त्यांनी १९६२ साली ती तेलुगू भाषेत लिहिली. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूरला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली, अध्यक्ष होते तेव्हाचे शिक्षणमंत्री एम. सी. छागला. त्या बैठकीत ठरले की देशभरच्या शाळांतून ही प्रतिज्ञा म्हटली जावी. २६ जानेवारी १९६५ पासून ती सुरू झाली. सुब्बाराव १९८८ साली वारले. असे सांगतात की आपली प्रतिज्ञा देशभरच्या पुस्तकात छापली जाते, हे त्यांना स्वतःला पुष्कळ उशिरा कळले. नात घरी मोठ्याने अभ्यास वाचत होती, ती ऐकून! कापड विणणाऱ्याचे नाव कापडावर नसते, छाप मालकाची असते. हे आम्हा गिरणीवाल्यांना नवीन नाही. पण शाळेतल्या मुलांना तरी हे नाव सांगायला काय हरकत आहे?

आता त्या प्रतिज्ञेत काय आहे ते बघा, आणि काय नाही तेही बघा. १९६२ साल म्हणजे चीनबरोबरच्या लढाईचे साल. तरी त्यात शत्रूचे नाव नाही. त्यात देवाचे नाव नाही, धर्माचे नाही, राजाचे नाही, पक्षाचे नाही, कुठल्या पुढाऱ्याचे नाही. झेंड्याचासुद्धा उल्लेख नाही. अमेरिकेतली शाळकरी मुले जी प्रतिज्ञा म्हणतात, ती फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ साली लिहिली आणि ती झेंड्याशी निष्ठेने सुरू होते. १९५४ साली तिच्यात ईश्वराचेही नाव घातले गेले. आपली तशी नाही. आपल्या प्रतिज्ञेत निष्ठा आहे ती देशाशी आणि देशबांधवांशी. आणि शेवटी तर असे आहे की त्यांचे कल्याण होईल त्यातच माझे सुख आहे. देश म्हणजे नुसता नकाशा नव्हे, नुसती माती नव्हे, देश म्हणजे इथली माणसे, हे त्या हिशेबनीस माणसाने बरोबर ओळखले होते. माणसांना दुखवून देशावर प्रेम करता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

आणि सगळ्यात मोठा शब्द आहे तो सुरुवातीलाच आहे. बांधव. आता महिला मंडळाच्या ताई म्हणतील, इंग्रजी प्रतिज्ञेत भाऊ आणि बहिणी दोन्ही आहेत, हिंदीतही आहेत, मग मराठीत बहिणी कुठे गेल्या? व्याकरणाचे गुरुजी सांगतील की बांधवात बहिणी आल्याच. येतात का ते घरात बघावे! पण ते सोडा. या शब्दाचे नाते मी तुम्हाला आपल्या संविधानाशी जोडून दाखवतो.

१३ डिसेंबर १९४६ ला पंडित नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि २२ जानेवारी १९४७ ला तो मंजूर झाला. त्यात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समता होती. बंधुता हा शब्द त्यात नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने १९४८ च्या फेब्रुवारीत मसुदा सादर केला तेव्हा प्रास्ताविकेत बंधुता हा शब्द घातला, आणि का घातला तेही नमूद केले. बंधुभावाची गरज देशाला आज जेवढी आहे तेवढी पूर्वी कधीच नव्हती, असा त्याचा आशय होता. तो काळ आठवा. फाळणीच्या दंगली झालेल्या, आणि ३० जानेवारीला गांधीजींचा खून झालेला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले की जाती या राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या माणसामाणसांत फूट पाडतात. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य हे वरवरच्या रंगासारखे राहतील, आत मुरणार नाहीत.

म्हणजे बघा, बाबासाहेबांनी १९४८ साली बंधुता लिहिली आणि सुब्बारावांनी १९६२ साली बांधव लिहिले. एक कायद्याच्या भाषेत, एक लेकरांच्या भाषेत. पण गोष्ट एकच. फरक एवढाच की प्रास्ताविका 'आम्ही' या शब्दाने बोलते आणि प्रतिज्ञा 'मी' या शब्दाने बोलते. 'आम्ही' म्हणजे या देशातल्या मोठ्या, समजत्या माणसांनी मिळून केलेला निर्धार. 'मी' म्हणजे त्या लेकराने दिलेला शब्द. आता मला सांगा, आधी कुणी पाळायचे? 'आम्ही' पाळले तर 'मी' पाळील. पण आपण काय केले? आपण मोठ्यांनी आपला निर्धार पुस्तकात ठेवला आणि पोरांना मैदानात उन्हात उभे करून त्यांच्याकडून रोज शब्द घ्यायला लागलो. इथे धागा तुटला आहे.

तोंडाने बंधुभाव आणि हाताने भेद, हा रोग जुना आहे. मी गिरणीतलेच उदाहरण देतो. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला, जवळजवळ सहा महिने चालला. कामगार एकजुटीच्या घोषणांनी गिरणगाव दणाणले. पण त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. विणकाम खात्यात मजुरी जास्त, आणि आमच्या माणसांना कमी मजुरीची खाती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना खडसावून विचारले की हा अन्याय तुमच्या मागण्यांत का नाही? तेव्हा कुठे त्यांनी नाइलाजाने ते मान्य केले. घोषणा रोज होत होती, मित्रांनो. घोषणेत काही खोट नव्हती. पण घोषणा धोट्यापर्यंत पोचली नव्हती. तसेच शाळेतली प्रतिज्ञा पाण्याच्या माठापर्यंत पोचते की नाही, हे बघायचे असते.

पाण्याच्या माठाचे नाव मी उगीच घेतले नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या काळात त्या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. तेव्हा प्रतिज्ञा नव्हती, संविधान नव्हते, राज्य इंग्रजांचे होते. म्हणून आपण म्हणतो, जुना काळ, गेला. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याची ७५ वर्षे साजरी होत असताना, राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातल्या एका शाळेतले नऊ वर्षांचे दलित लेकरू दगावले. शिक्षकांच्या माठातले पाणी प्याला म्हणून शिक्षकाने मारले, असा त्याच्या घरच्यांचा आरोप होता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका शाळेत दलित बाईने रांधलेले मध्यान्ह भोजन खायला सवर्ण मुलांनी नकार दिला. त्या बाईला कामावरून काढले, बोभाटा झाला तेव्हा परत घेतले. ही मुले सहावी ते आठवीची. बांधव हा शब्द त्यांना शिकवला गेलेला असणारच. पण घरी त्यांना दुसरा धडा मिळाला, आणि घरचा धडा जास्त पक्का बसला.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. प्रतिज्ञेत देशातल्या परंपरांचा अभिमान आहे. आमच्या वस्तीतल्या एका हुशार मुलीने मला विचारले, "काका, आपल्याला गावाबाहेर ठेवायची परंपरा होती ना? मग तिचा पण अभिमान बाळगायचा का?" काय उत्तर देणार? हा प्रश्न काही आजचा नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याची २५ वर्षे झाली, तेव्हा साधना साप्ताहिकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. ढाले यांची भाषा जहाल होती, पुष्कळांना बोचली. पण आत प्रश्न हाच होता की प्रतीकाचा मान राखणाऱ्या देशात आमच्या आयाबहिणींच्या अब्रूचा मान कुठे आहे? त्या प्रश्नाला देशद्रोह म्हणणारे पुष्कळ निघाले, उत्तर देणारे थोडे.

मी त्या मुलीला असे सांगितले. बाळ, प्रतिज्ञेत विविधता हा शब्द आहे, तो नीट वाच. या देशात एक परंपरा चवदार तळे बंद करणारी होती आणि एक परंपरा २० मार्च १९२७ ला त्या तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी पिणारी होती. एक परंपरा सावित्रीमाईंवर शेण फेकणारी होती आणि एक परंपरा १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारी होती. बुद्ध इथलेच, कबीर इथलेच, तुकोबा इथलेच, फुले आणि शाहू महाराज इथलेच. अभिमान कशाचा ठेवायचा ते निवडायची अक्कल तुला आहे. आणि प्रतिज्ञेत नुसता अभिमान नाही, त्या परंपरांना लायक होण्याची धडपडही आहे. लायक होणे हे अभिमानापेक्षा कठीण काम आहे. ती मुलगी म्हणाली, "मग बाई वर्गात असे का सांगत नाहीत?" याचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. ते तुम्ही-आम्ही शाळेत जाऊन विचारायचे आहे.

काही मंडळी म्हणतात, अहो, सक्ती करा, मोठ्याने म्हणायला लावा, न म्हणणाऱ्याला शिक्षा करा, मग देशप्रेम येईल. तेव्हा मी त्यांना केरळची हकीकत सांगतो. १९८५ साली तिथे तीन भावंडांना शाळेतून काढले. ती जेहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ ऑगस्ट १९८६ ला न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला की गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभे राहणे पुरेसे आहे, मुलांना शाळेत परत घ्या. त्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४३ च्या निकालाचाही विचार झाला आहे. तिथेही मुलांना झेंड्याला सलाम करून प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती होती, ती न्यायालयाने रद्द केली. लक्षात घ्या, १९४३ म्हणजे महायुद्ध चालू होते, अमेरिकेचे सैनिक रणांगणावर मरत होते, आणि तरी त्या न्यायालयाने म्हटले की मुलाच्या तोंडातून जबरदस्तीने शब्द काढता येणार नाहीत. आपल्याकडे २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयानेही एका शिक्षकाच्या बाबतीत सांगितले की शाळेतल्या प्रार्थनेला हात जोडलेच पाहिजेत अशी सक्ती करता येत नाही.

याचा अर्थ प्रतिज्ञा नको असा कुणी घेऊ नये. माझ्या मते ती हवीच, आणि आमच्या मुलांनी तर ती छातीठोकपणे म्हणावी. कारण त्यातला बांधव हा शब्द सगळ्यात जास्त आमच्या उपयोगाचा आहे. तो आमचा दावा आहे. आमचे पोर जेव्हा सगळ्या वर्गासमोर उभे राहून ती म्हणते, तेव्हा ते शेजारच्या पोराला सांगत असते की मी तुझा भाऊ आहे, आणि तूही आत्ताच तसे कबूल केले आहेस. पण शब्द देणे ही समजून करायची गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या कुणाच्या गळी उतरवल्या नाहीत. काय सोडायचे आणि काय धरायचे, ते एक-एक करून स्पष्ट सांगितले, आणि लोकांनी समजून त्या घेतल्या. म्हणून आमच्या न शिकलेल्या आज्यांनी त्या जन्मभर पाळल्या. देव्हारे रिकामे केले, घरात भांडणे झाली, तरी पाळल्या. समजून घेतलेली प्रतिज्ञा अशी टिकते. पाठ केलेली प्रतिज्ञा घंटा वाजली की संपते.

नागराज मंजुळे यांचा फँड्री चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात जब्याचे घरचे डुक्कर पकडत असतात आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. ती माणसे जागच्या जागी थांबतात, ताठ उभी राहतात. हातातले डुक्कर निसटते, कष्ट वाया जातात, तरी उभी राहतात. राष्ट्रगीताचा मान कसा ठेवावा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. मग प्रश्न उरतो तो असा की त्यांच्यासाठी कोण उभे राहते? गीत संपल्यावर काठावर बसून त्यांची टिंगल करणारी पोरे याच गावातली, याच शाळेतली. धागा तुटलेला आहे तो इथे, आणि सांधायचाही इथेच आहे.

तर करायचे काय? भाषण ठोकून मोकळे होणे मला जमत नाही, युनियनची सवय आहे, मागण्या सांगितल्याशिवाय सभा संपत नाही.

पहिली गोष्ट, रविवारच्या वर्गात प्रतिज्ञा आणि प्रास्ताविका दोन्ही अर्थासह शिकवायच्या. दर रविवारी एक शब्द. सौजन्य म्हणजे बॅनर नव्हे, हे पोरांना कळले पाहिजे. नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना ई. झेड. खोब्रागडे यांनी २००५ साली जिल्ह्यातल्या शाळांतून संविधानाची ओळख करून देण्याचे काम सुरू केले. एका अधिकाऱ्याने ठरवले तर एवढे होते, मग आपण तर अख्खी वस्ती आहोत.

दुसरी गोष्ट, शाळेत जा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे, तिच्यात तीन-चतुर्थांश लोक पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. आपल्यातले किती जण त्या समितीवर आहेत? सहीपुरते जाऊ नका. डोळे उघडे ठेवून बघा. पाण्याच्या टाकीवर कुणाला थांबवले जाते का? जेवणाच्या पंगतीत कोण कुठे बसतो? वर्ग झाडायला, संडास धुवायला कुणाच्या पोरांची नावे घेतली जातात? परिपाठात प्रतिज्ञा सांगायला पुढे कोण उभे असते, रोज तीच दोन-चार चांगल्या घरची मुले, की पाळीपाळीने सगळी? आमचे गिरणीचे गणित सोपे होते, पाळी सगळ्यांना. शाळेतही पाळी लावा. ज्या पोराला घरी कुणी पुस्तक वाचून दाखवत नाही, ते एकदा हजार पोरांसमोर उभे राहून बोलले की त्याचा कणा ताठ होतो.

तिसरी गोष्ट घरातली. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्याच समाजात पोटजात विचारून सोयरीक करणारे आहेत. मातंग, चर्मकार, भटक्या समाजातल्या माणसाकडे खालच्या नजरेने बघणारे आहेत. मुस्लिम शेजाऱ्याविषयी पोरांसमोर वाटेल ते बोलणारे आहेत. पोरगे सकाळी शाळेत बांधव म्हणून आले आणि दुपारी घरात हे ऐकले, तर त्याने कुठले खरे धरायचे? प्रतिज्ञेतला बांधव हा सर्व भारतीयांसाठी आहे, आपल्याला सोयीच्या तेवढ्यांसाठी नाही. जो हक्क आपण मागतो तो दुसऱ्याला देताना हात आखडला, तर आपल्या मागणीत जोर राहत नाही.

बालमित्रांनो, शेवटचे तुमच्याशी बोलतो. उद्या सकाळी शाळेत हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणाल, तेव्हा एक करा. बांधव हा शब्द आला की आपल्या शेजारी कोण उभा आहे तिकडे एकदा बघा. त्याने डबा आणला आहे का, त्याला कुणी चिडवते का, तो एकटा बसतो का, एवढे बघा. नंतर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसा. प्रतिज्ञा पाळणे म्हणजे तेवढेच आहे, फार मोठे काही नाही. आणि घरी आल्यावर आम्हा मोठ्यांना विचारा की तुम्ही आज तुमचा निर्धार पाळलात का? आम्ही ओशाळलो तर ओशाळू द्या. तुम्ही विचारायचे सोडू नका.



नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!